मदत हवी आहे: थंड प्रदेशातला लव्हाळा मुलांना कसा दाखवू?

नमस्कार मंडळी, मी डिचोलीला नववीच्या मुलांना शिकवते, पुढच्या आठवड्यात त्यांना कुडचडेच्या नंदा तळ्यावर नेतेय, 2022 मध्ये गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं ना तेच. सोबत अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हियाच्या दलदलीत वाढणाऱ्या लव्हाळ्याबद्दल, म्हणजे केअरेक्स अ‍ॅक्वाटिलिसबद्दलही सांगायचंय. मला फार आवडते ही वनस्पती, निळसर हिरवी पानं, वर नर कणसं खाली मादी, आणि प्रत्येक बीभोवती इवलीशी पिशवी, जी आपल्या नागरमोथ्याला नसते. चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच तरी मुळं जगतात कारण आतल्या पोकळ्यांतून हवा खाली पोचते, आणि मेलेली पानं थंडीत नीट कुजत नाहीत म्हणून थरावर थर साठून पीट बनतं.

तर विचारायचं हे की आपल्याकडच्या कुठल्या लव्हाळ्याचं खोड आडवं कापलं तर त्या पोकळ्या साध्या भिंगातून मुलांना स्पष्ट दिसतील? तळ्यावरचं काही उपटायचं नाहीये हां, शेताच्या बांधावरचं किंवा खाजनातलं (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतलं) सांगा. आणि पीटला मराठीत सोपा शब्द कुणी वापरता का? फोटो असतील तर प्लीज टाका.