मदत हवी आहे : स्कायरिममध्ये लाकूडतोड्या म्हणून जगायचंय

मंडळी, स्कायरिम हा व्हिडिओ गेम २०११ ला आला तेव्हा माझे ड्रॅगन मारून झाले. आता चाळिशीत तो उत्साह नाही. नवा खेळ सुरू केलाय तो त्यातल्या रिव्हरवुड गावात साधा संसार करायला. सकाळी गर्डुरच्या लाकूड-गिरणीमागे लाकडं फोडायची, एका मोळीची ५ सोन्याची नाणी. दुपारी आल्व्हर लोहाराच्या भट्टीवर थोडं लोहारकाम, रात्री स्लीपिंग जायंट सराईत १० नाण्यांची खोली. बायको म्हणते, ऑफिसातून येऊन पुन्हा कामच करतोस!

ड्रॅगनचा प्रश्न सुटलाय. जार्लच्या (तिथल्या सरदाराच्या) सांगण्यावरून व्हाइटरन शहराबाहेरच्या बुरुजावर गेलंच नाही, तर ते मोकाट फिरत नाहीत. पण दोन अडचणी आहेत.

लाकडं फोडून कौशल्य वाढत नाही, लोहारकामाने मात्र भराभर वाढतं आणि लेव्हलही चढते. माझ्याकडे डॉनगार्ड (गेमची व्हॅम्पायरवाली पुरवणी) आहे, त्यामुळे लेव्हल दहाच्या पुढे रात्री व्हॅम्पायर येऊन गावकऱ्यांना मारतात. मागच्या वेळी असंच झालं होतं. कोणी डॉनगार्ड बंद ठेवून फक्त हार्थफायर (घर बांधायची पुरवणी) चालवलंय का? सेव्ह केलेला खेळ बिघडत नाही ना?

दुसरं, घर बांधायला लेकव्ह्यूची जमीन हवीय. ५००० नाणी जमतील, पण फॉकरीथचा जार्ल आधी दरोडेखोरांचा बंदोबस्त करायला सांगतो. तलवार न उचलता, सोबत्याला पुढे करून हे जमतं का? कोणी केलं असेल तर कोणता सोबती नेला तेही सांगा.