डेपोतल्या नोकऱ्या आणि बॅनरवरचे भाऊ

खाडीवरचा:
उरणात भाऊंचा बॅनर लागलाय: ‘करंजाच्या डेपोतली एकही नोकरी बाहेर जाऊ देणार नाही.’ परवा इथे कोणीतरी त्याखाली ‘शेवटी आपला माणूस’ असं लिहिलं, म्हणून लिहितोय. डेपो नौदलाचा, शस्त्रसाठ्याचा. भरती अख्ख्या देशातून. कलम १६ सरकारी नोकरीत जन्मस्थान नि रहिवास बघू देत नाही. रहिवासाची अट घालायची तर कायदा संसदेनेच करायचा. आणि भाऊ निवडणुकीला उभे कुठे? नगरपालिकेला! आधी गटारं काढा म्हणावं.

मोऱ्यावरून:
कायम नोकरीचं बोलतंय कोण? ठेक्यावरच्या कामाचं बोला. गवत कापायला, रंग मारायला कुठली परीक्षा? माझा भाऊ एका ठेकेदाराकडे दोन महिने गेटपाससाठी खेटे घालत होता. पोलीस व्हेरिफिकेशन येईतो त्याने बाहेरची माणसं भरलीसुद्धा. तिथे नेत्याचा एक फोन चालतो. तुम्ही पुण्यात बसून कलमं वाचा.

खाडीवरचा:
पुण्यात नाही, केगावात बसलोय.

निवृत्त फिटर:
अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ३१ वर्षं काढली. दर निवडणुकीला ‘फॅक्टरी वाचवू’ ऐकलं. २०२१ मध्ये आधी संपबंदीचा कायदा आला, मग १ ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ कारखान्यांच्या ७ कंपन्या केल्या. वाचवणारे तेव्हा दिसले नाहीत.

सून उरणची:
नोकऱ्या राहू द्या हो, डेपोभोवतीच्या सेफ्टी झोनचं कोण बोलणार? कौलं काढून स्लॅब टाकायचा तर परवानगी नाही, म्हणून कर्जही नाही. तीन पावसाळे ताडपत्रीवर काढले. स्वयंपाकघरात पाच टोप मांडते, एक डाळीचा, चार गळतीचे.

मोऱ्यावरून:
हेच तर! जमिनी आमच्या अडकल्या, मग काम बाहेरच्यांना का? सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन कोणी कलम वाचून दिली नाही. ८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच हुतात्मे झाले, तेव्हा सरकार हललं. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील कायदा बघत बसले असते तर?

खाडीवरचा:
दि. बा. वकील होते, महाराज! कायदा त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळायचा. माझे आजोबा त्या आंदोलनात जासईला होते. बॅनरवाल्याला दि. बां.च्या रांगेत बसवू नका, डोकं फिरतं माझं.

निवृत्त फिटर:
आणि साडेबारा टक्के मिळाले किती जणांना? माझा साडू फाईल घेऊन फिरतोय अजून.

सून उरणची:
मी झोनचं विचारलं होतं.

खाडीवरचा:
बरं, ठेक्यावर स्थानिक पोरं घ्यावीत, कबूल. करा म्हणावं भाऊंना फोन. ठेका त्यांच्याच मेहुण्याचा निघू नये म्हणजे झालं.

सून उरणची:
फोन लावतील तेव्हा ताडपत्रीचंही विचारा. १२ बाय १८ हवी, निळी चालेल.