पूर थांबवून काझीरंगा वाचणार नाही
'दरवर्षी इतकी जनावरं बुडतात, तर ब्रह्मपुत्रेला बांध घालून पूर कायमचा का थांबवत नाहीत?' असं या चर्चेत कुणीतरी विचारलंय. थांबवला तर आसामातलं काझीरंगा राष्ट्रीय उद्यानच उरणार नाही. तिथल्या तळ्यांना 'बील' म्हणतात. त्यांत माजलेली जलपर्णी पुराचं पाणीच वाहून नेतं, नदीतले मासे वाढायला आत येतात आणि मागे राहिलेल्या गाळावर हत्ती लपेल एवढं गवत तरारतं. गेंडा, बारशिंगा, रानम्हैस सगळे त्यावरच जगतात. २०२२च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजले गेले, ते पुरासकटच ना! गवताळ भागात झाडोरा शिरू नये म्हणून वनखातं हिवाळ्यात गवत मुद्दाम जाळतं, हे ऐकून आपल्याकडचे बरेच जण दचकतात.

अडचण वेगळीच आहे. पाणी चढलं की जनावरं दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या डोंगराकडे निघतात आणि मध्ये आडवा येतो महामार्ग. पुरात तिथे वाहनांचा वेग कमी करायला लावतात, उद्यानात मातीचे उंचवटेही बांधलेत. पण उंचवट्यावर किती जनावरं मावणार? बांधापेक्षा डोंगराकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवण्यावर पैसा खर्च व्हावा, असं माझं मत. त्या वाटांवर हॉटेलं आणि रिसॉर्ट उभी राहतात, त्यावर मात्र इथे कुणी बोलत नाही.