मोडेम जी.डीएमटीवर (जुना, हळू डीएसएल मोड) टाकला की फोनच्या तारेवरचं नेट टिकतं. तसंच ठेवू का?

दादर_तिसरामाळा:
आईकडे अजून तांब्याचीच लाइन आहे, लँडलाइन सोडायचं नावच काढत नाही. मोडेमच्या पानावर दिसतं ते असं: एडीएसएल२ प्लस (नवा, वेगवान मोड), डाउनस्ट्रीम ७८०० केबीपीएस, एसएनआर मार्जिन (गोंगाटापुढे सिग्नलला उरलेली जागा) ४ डीबी, अटेन्युएशन (तारेत सिग्नल किती घटतो) ४१ डीबी. संध्याकाळी मार्जिन १-२ वर येतं आणि डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागतो. कुणाचा फोन आला की हमखास. मोड जी.डीएमटी केला तर अटेन्युएशन ३७, मार्जिन ७, वेग ५५००. म्हणजे लाइन सुधारली ना?

वायफायवाला:
अजून डीएसएल? फायबर घ्या आणि मोकळे व्हा.

खांबावरचा:
ते त्यांच्या आईलाच सांगा, वायफायवाले.
लाइन होती तशीच आहे हो. एडीएसएल२ प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं, जी.डीएमटी १.१ लाच थांबतं. वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तार जास्त खाते. तो भाग मोजायचाच सोडला, तर अटेन्युएशनची सरासरी उतरणारच. मार्जिन वाढलं ते वेग कमी घेतला म्हणून.
मला खटकतोय तो अटेन्युएशनचा ४१. ढोबळ हिशेब किलोमीटरला १४ डीबी, म्हणजे एक्सचेंजपासून तीन किलोमीटर तार. केबल गल्लीबोळातून फिरते हे धरलं तरी दादरात एवढं? कुठेतरी जोड सडलाय. पावसाळ्यात डीपीत (तारा जोडायची बाहेरची पेटी) पाणी गेलं की तांबं हिरवं पडतं, मग ते वर्षभर राहतं.
घरात एवढंच बघा: प्रत्येक फोनला फिल्टर (फोन आणि नेटचा सिग्नल वेगळा ठेवणारी डबी) आहे का? पॅरललला, म्हणजे त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनला, नसतोच बहुतेक. रिंगचा एसी सत्तर-ऐंशी व्होल्टचा, तो मोडेमला हलवतो. मग फोन उचला, एक आकडा दाबा, डायलटोन गेला की कान लावा. शेव तळल्यासारखी चरचर आली तर दोष तारेत.

माहीमचा_रेडिओ:
मार्जिन संध्याकाळीच पडतं ना? कुठल्यातरी उपकरणाचा विजेचा गोंगाट असेल. छोटा रेडिओ मीडियम वेव्हवर ६०० च्या आसपास, स्टेशन नाही तिथे लावा आणि घरभर फिरवा. आमच्याकडे जिन्यातल्या एलईडी पट्टीच्या अॅडाप्टरजवळ नुसता गोंगाट होता. लिफ्टची मोटरही बघा.

दादर_तिसरामाळा:
आतल्या खोलीतल्या पॅरललला फिल्टर नव्हता. लावला, रिंग वाजल्यावर आता तुटत नाही. रेडिओ शांत आहे. पण चरचर आहे, आणि आई म्हणते ती गेल्या पावसापासूनच आहे.

खांबावरचा:
मग तक्रारीत 'नेट स्लो' लिहू नका, मोडेम बदलून जातील. 'फोनवर खरखर' लिहा, म्हणजे लाइनमन येतो. त्याला आधी मेन सॉकेटवर, आतली सगळी वायर काढून, मोडेम लावून दाखवा. आकडे तसेच राहिले तर दोष बाहेरचा, मग डीपीत दुसरी पेअर (तारांची जोडी) मोकळी आहे का विचारा. नसेल तर जोड उघडून जेली भरलेले कनेक्टर लावायला सांगा. नुसती पिळून टेप गुंडाळू देऊ नका. तोवर जी.डीएमटीवर राहू द्या, वेग जातो तो जाऊ द्या.