वीर चक्र फ्रेम करायचंय, आधी पॉलिश करावं का?

गिरगावकर: घरात 1971 च्या युद्धातलं वीर चक्र (शौर्यपदक) आहे, सोबत त्याच युद्धाची पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदकं. चक्र काळं पडलंय, रिबन विटलीय. सराफाकडून पॉलिश करून घ्यावं म्हणतोय. आणि 26 जानेवारीच्या कार्यक्रमाला वडिलांच्या पश्चात मुलीने ते लावलं तर चालेल का?

चांदीपारखी: सराफाकडे नेऊच नका! वीर चक्र चांदीचं, पण मधल्या सिंहमुद्रेला सोन्याचा मुलामा असतो. बफिंगच्या (घासून चकाकी आणायच्या) चाकाखाली आधी तोच उडतो. कडेला नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असेल तर तेही बुजतं. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेला पातळ थर, त्याने पदकाचं काही बिघडत नाही. कोरड्या मलमलने हलकेच पुसा, बस्स. देवाची भांडी घासतो तशी चिंच, रांगोळी किंवा टूथपेस्ट लावू नका.

चौकट_कट्टा: नेहमीचा फ्रेमवाला पदक फेव्हिकॉलने प्लायवर चिकटवून काच थेट वर दाबतो. मुंबईच्या पावसाळ्यात काचेला आतून दव धरतं, रिबनला बुरशी येते. अ‍ॅसिड-फ्री बोर्ड (आम्ल नसलेला पुठ्ठा) मागा, रिबन सुती दोऱ्याने टाका घालून बसवा, काच आणि पदकात निदान 5 मिमी जागा ठेवा. मागे लोकर, रबर किंवा फोम नको, त्यातल्या गंधकाने चांदी आणखी काळवंडते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, उन्हासमोरही नको.

रिबन 32 मिमी रुंद, अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. केशरी बाजू लावणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडे, म्हणजे समोरून बघताना उजवीकडे. इथे हमखास उलटं होतं. बघणाऱ्याच्या डावीकडून क्रम: वीर चक्र, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल.

गिरगावकर: जुनी रिबन टाकून नवी घालू?

चौकट_कट्टा: नवी घाला, जुनी टाकू नका. सपाट ठेवून बटर पेपरऐवजी अ‍ॅसिड-फ्री कागदात गुंडाळा. प्रशस्तिपत्राची फ्रेममध्ये झेरॉक्सच लावा.

परेड_मैदान: मुलीने लावायचं तर छातीच्या उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने कमावलं त्याची. आणि झेंडावंदनाच्या गर्दीत मूळ पदक पिनेवर लोंबकळत ठेवण्यापेक्षा प्रतिकृती लावा. पट्टीची कडी झिजलेली असली तर पदक कधी गळून पडलं कळतही नाही.