व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास: पीएस टू आणि पीसी, हाताला काय वेगळं लागतं?

दुपारचा_चहा
भाचा लॅपटॉपवर व्हाइस सिटी या जीटीए मालिकेतल्या गेमच्या रिमोटच्या हेलिकॉप्टरवर अडकलेला पाहिला आणि जुनं सगळं आठवलं. पीएस टूवर (प्लेस्टेशन २) हा गेम ऑक्टोबर २००२ मध्ये आला, पीसीवर मे २००३ मध्ये. नकाशा तोच, मिशन्स तीच, पण खेळायला पार वेगळा. तुमचे अनुभव येऊ द्या.

सुरुवात त्याच हेलिकॉप्टरच्या मिशनने, त्यात इमारतीच्या मजल्यांवर बॉम्ब नेऊन ठेवायचे असतात. पीएस टूवर पॅडवरची काठी (अ‍ॅनालॉग स्टिक) जेवढी ढकलाल तेवढंच हेलिकॉप्टर झुकतं. कीबोर्डवर मधलं काही नसतंच, बटण दाबलं की थेट पूर्ण झुकतं आणि भिंतीवर आपटतं. म्हणून बटण धरून ठेवायचं नाही, टिचक्या मारत न्यायचं. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर आधी कंट्रोल्समध्ये जाऊन बटणं बदला.

रानमेवा
आणि पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही! आधी रिकाम्या हेलिकॉप्टरने सगळे मजले फिरून पंख्याने माणसं साफ करायची, मग चार बॉम्ब निवांत.

कोल्हापुरी_गडी
रानमेवाताई, भाच्याचा जीव वाचवलात 😄

बिनसाखरेचा
फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्यावर मर्यादा घालणारं सेटिंग) बंद करू नका, कृपा करून. नव्या मशीनवर लिमिटर काढला की गेम सुसाट पळतो आणि व्हाइस सिटीत गाड्या नीट रिव्हर्स जात नाहीत. गाड्यांचं गणितच ३० फ्रेमच्या आसपास बसवलेलं आहे. सॅन अँड्रियासमध्ये लिमिटर २५ च्या आसपास रोखतो. तो काढलात तर गेमचा नायक सीजे पाण्यात हातपाय मारतो पण पुढे सरकत नाही. लोक गेमला शिव्या देतात, दोष त्या एका सेटिंगचा असतो.

सांजवात
सॅन अँड्रियासमध्ये माउस मेला तर? कॅमेरा हलतच नाही

बिनसाखरेचा
डॉक्युमेंट्समध्ये सॅन अँड्रियासच्या यूझर फाइल्सचं फोल्डर असतं. त्यातली ‘सेट’ने संपणारी एकच फाइल उडवा आणि गेम परत चालू करा. रिझोल्यूशन आणि बटणं पुन्हा लावावी लागतील, बाकी काही जात नाही. ‘बी’ने संपणाऱ्या फाइल्सना हात लावू नका, ते सेव्ह आहेत. एकूण आठ जागा.

सांजवात
झालं!! 🙏

खारे_दाणे
दिसण्याबद्दल कुणीच बोलत नाही. पीएस टूवर सॅन अँड्रियासमधल्या लॉस सँटोस शहरावर जो नारिंगी धुरकटपणा असतो ना, तो पीसीवर उतरलाच नाही. पीसीवर लांबचं जास्त दिसतं, कडा स्वच्छ, पण दुपार कोरडी वाटते. पीएस टूला ३२ एमबी मेमरी आणि चित्रासाठी वेगळी ४ एमबी, तेवढ्यात ते शहर बसवलं. पीसीच्या व्हाइस सिटीला किमान १२८ एमबी रॅम लागायची. माझं मत ठाम आहे, सॅन अँड्रियास दिसायला पीएस टूवरच सुंदर. पीसीवर तो रंग परत आणणारे मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) मिळतात, पण बहुतेक मॉड १.० आवृत्तीवरच चालतात, हे आधी तपासा.

कोल्हापुरी_गडी
नेम धरण्यात मात्र पीसीच राजा. पीएस टूच्या पॅडवर आर१ बटण दाबलं की नेम आपोआप माणसाला चिकटतो, पण डोकं टिपता येत नाही पटकन. माउसने डोकं सरळ मिळतं. पीसीवर चिकटणारा नेम हवा असेल तर सॅन अँड्रियासच्या कंट्रोल्समध्ये जॉयपॅड निवडा.

रानमेवा
सॅन अँड्रियासचा चीट (गुप्त कोड)! पीसीवर खेळता खेळता एच ई एस ओ वाय ए एम टाइप करायचं. पीएस टूवर आर१, आर२, एल१, एक्स, मग डावं-खाली-उजवं-वर दोनदा. तब्येत, चिलखत आणि २,५०,००० डॉलर. अंगठ्याला अजून पाठ आहे

सांजवात
आपली गाणी कुणी वाजवली का रेडिओवर? ते पीएस टूवर नव्हतं ना?

दुपारचा_चहा
व्हाइस सिटीत गेमच्या एमपीथ्री फोल्डरमध्ये गाणी टाकली की वेगळं स्टेशन उघडतं. सॅन अँड्रियासमध्ये यूझर ट्रॅक्स फोल्डर, मग ऑडिओ सेटअपमधून स्कॅन करायचं. स्कॅन विसरलात तर स्टेशन गप्प. भजनं टाका, लावणी टाका, सगळं वाजतं.

खारे_दाणे
जुनी डिस्क असेल तर जपून ठेवा. २०१४ च्या अपडेटमध्ये सॅन अँड्रियासच्या पीसी आवृत्तीतून मूळ रेडिओची काही गाणी निघाली.

कोल्हापुरी_गडी
दादा, स्वस्तातला यूएसबी पॅड चालेल का? काठी हलवली तर काहीच होत नाही

बिनसाखरेचा
पॅडच्या मधोमध ‘अ‍ॅनालॉग’ बटण आहे का बघा. ते दाबून लाल दिवा लावा. दिवा बंद असेल तर बऱ्याच पॅडमध्ये काठी नुसती चार दिशांच्या बटणांसारखी चालते. तरी नाही जमलं तर गेम बंद करून, पॅड जोडून मग गेम उघडा.