जोडीदाराच्या पाठीमागे: मोहाचे आणि त्यानंतरचे अनुभव

संसारात असताना दुसऱ्या कुणाविषयी ओढ वाटणे ही काही जगावेगळी गोष्ट नाही, पण आपल्याकडे तिच्याविषयी एकतर कुजबुज होते नाहीतर थेट निवाडा. ज्याच्यावर ती वेळ आली त्याचे म्हणणे क्वचितच ऐकायला मिळते. म्हणून ही विनंती. मोह स्वतःला झाला असेल, जोडीदाराला झाला असेल किंवा थोरामोठ्यांच्या अशा प्रकरणाची झळ आपल्याला लागली असेल, तर तो कुठे सुरू झाला, लपवण्यासाठी काय काय करावे लागले आणि किंमत कुणी मोजली, हे तपशिलाने लिहावे. प्रवचने नकोत. नावे, कंपन्या आणि सोसायट्या यांचे उल्लेख टाळावेत.

हिंजवडीत नोकरी, वय ४१

अमेरिकेतल्या ग्राहकाचे काम असल्याने आमची टीम रात्री उशिरापर्यंत कॉलवर असे आणि तो संपल्यावर मी व एक सहकारी कँटीनमध्ये चहा घेत बसत असू. घरी बायकोशी बोलणे म्हणजे शाळेची फी, गॅसचा नंबर आणि आईची औषधे. इथे कुणीतरी माझे वाक्य संपेपर्यंत ऐकून घेत होते. आमच्यात साधा स्पर्शही झालेला नव्हता. तरीही एके रात्री लक्षात आले की ‘पोचलास का?’ एवढा तिचा निरुपद्रवी मेसेजसुद्धा मी लिफ्टमध्येच पुसून मग दाराची बेल वाजवतो आहे. मी टीम बदलून मागितली. बायकोला यातले काही सांगितलेले नाही, आणि सांगून तिचे भले होईल की केवळ माझे ओझे उतरेल, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शिक्षिका, ठाणे

आमच्या गाडीचे कर्ज माझ्या नावावर असल्याने फास्टॅगही माझ्याच मोबाइलला जोडलेला होता, आणि ही गोष्ट यजमान विसरले होते. कामानिमित्त नाशिकला जातो असे सांगून ते निघाले, आणि रात्री साडेआठच्या सुमारास माझ्या फोनवर खालापूर टोलनाक्याचा मेसेज आला. ठाण्याहून नाशिकला जाताना खालापूर लागत नाही, हे कळायला भूगोल शिकवावा लागत नाही (मी तोच शिकवते, हा भाग वेगळा). मी त्या रात्री काहीच बोलले नाही. पुढचे कित्येक महिने मी वह्या तपासतानाही फोन समोर ठेवून त्या मेसेजांची वाट पाहत राहिले; मेसेज आला की जीव जळत असे आणि नाही आला की संशय वाढत असे. नंतर दिराच्या लग्नासाठी लॉकर उघडला, तेव्हा त्यात माझ्या पाटल्या नव्हत्या. त्या सोनेतारण कर्जासाठी गहाण पडल्या होत्या. दुसऱ्या बाईपेक्षा त्या रिकाम्या मखमली डबीनेच मला जास्त अपमानित केले. मुलगा दहावीत असल्याने आम्ही वेगळे झालो नाही. पाटल्या सोडवून आणल्या आहेत, पण त्या मी हातात घालत नाही.

वकील, कौटुंबिक न्यायालयात वीस वर्षांहून अधिक काळ

ताईंनी लिहिलेला प्रकार आम्हाला नवा नाही. प्रकरणे हल्ली शेजाऱ्यांच्या चुगलीतून नव्हे, तर टोलचे मेसेज, यूपीआयचे व्यवहार आणि हॉटेलची बिले यांतून उघडकीस येतात. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेतले व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे कलम ४९७ घटनाबाह्य ठरवले, आणि तेव्हापासून ‘आता यात काही होत नाही’ एवढाच अर्थ अनेकांनी घेतला आहे. तुरुंग टळला हे खरे, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ प्रमाणे लग्नानंतर परक्या व्यक्तीशी स्वेच्छेने एकदाच आलेला शरीरसंबंधही घटस्फोटाला पुरेसे कारण ठरतो. सैन्यदले अशा वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करू शकतात, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले आहे, आणि जुलै २०२५ च्या निकालानंतर पती-पत्नींपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत केलेले फोनचे ध्वनिमुद्रणही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून पुढे ठेवता येते. पोटगीबाबत मात्र गैरसमज आहे: एखाद्या प्रसंगावरून पत्नीची पोटगी आपोआप बंद होत नाही, तसे संबंध चालू असल्याचे दाखवावे लागते. मुलांच्या ताब्यातही न्यायालय मुलांचे हित पाहते. केवळ आईवर असा ठपका आहे म्हणून मूल काढून घेतले जात नाही. माझा अनुभव असा की अशिलाला कायद्यापेक्षा उलटतपासणीची भीती अधिक वाटते, आणि ती योग्यच आहे, कारण तिथे त्याचे प्रेमाचे मेसेज परका माणूस कोरड्या आवाजात वाचून दाखवतो.

अविवाहित, मुंबई

मी त्यातली ‘ती’ होते. घरी केवळ नावापुरता संसार आहे, हे मला इतक्यांदा सांगितले गेले की मला ते पाठ झाले होते. त्यांची अँजिओप्लास्टी झाल्याचे मला ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळले. इतरांनी पाठवली तशीच ‘लवकर बरे व्हा’ ही ओळ मीही पाठवली. त्याहून जास्त काही करण्याचा मला अधिकार नव्हता.

त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ

आमच्याकडे येणारे अनेक पुरुष दुसऱ्याच दिवशी एचआयव्हीची तपासणी करून घेतात आणि ‘निगेटिव्ह’ अहवाल पाहून निश्चिंत घरी जातात. संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे तो तपासणीत दिसतच नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी लागते, आणि तोपर्यंत पत्नीला धोका असतो. सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी (समुपदेशन व तपासणी) केंद्रांत ही तपासणी मोफत होते आणि माहिती गोपनीय राहते. सिफिलिसची गोष्ट आणखी बिकट आहे: त्याची फोड दुखत नाही आणि आपोआप भरूनही येते, त्यामुळे नवरा ते विसरून जातो आणि गरोदरपणातल्या नेहमीच्या रक्ततपासणीत पत्नीचा अहवाल पॉझिटिव्ह येतो. तिला समोर बसवून हे सांगण्याचे काम आमच्या वाट्याला येते.

सांगली जिल्हा, वय ५८

वडिलांचे दुसरे घर तालुक्याच्या गावी आहे हे आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक होते, पण आईसमोर त्या गावाचे नावही काढायचे नाही, असा अलिखित नियम होता. तिथली एसटी लागली तरी आम्ही ‘पलीकडची गाडी’ म्हणत असू. वडील गेल्यावर बाराव्याला ती दोन मुले आली आणि पंगतीत शेवटी बसली. वडिलांनी देवळात रीतसर लग्न केले होते. ते कायद्याने अवैध असले, तरी अशा लग्नातल्या मुलांना वडिलांच्या हिश्शात वाटा मिळतो, असे वकिलांनी आम्हाला समजावले. थोरल्या भावाला ते मान्य नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज त्याच्या हरकतीमुळे पडून आहे, आणि आई मात्र मला विचारते की ती धाकटी मुलगी कितवीपर्यंत शिकली आहे.